उकळत्या नत्राचं माप

गाय माजावर आली की आपण डॉक्टरांना फोन करतो. ते सोबत ॲल्युमिनियमचा एक कॅन आणतात. झाकण काढलं की त्यातून पांढरा धूर निघतो. त्या कॅनमध्ये काय असतं आणि ते मोजणं इतकं अवघड का, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आत असतो द्रवरूप नत्र, म्हणजे लिक्विड नायट्रोजन. आपल्या हवेत तीन हिश्श्यांहून जास्त नत्रच आहे. तो शून्याखाली १९६ अंशांपर्यंत गार केला की पाण्यासारखा पातळ होतो. त्यात बुडालेल्या रेतकांड्या वर्षानुवर्षं टिकतात. नत्र आटला आणि कांड्या उघड्या पडल्या की त्या निकामी होतात. बाहेरून कांडी तशीच दिसते. तीच भरली तर गाय उलटते, पुढच्या माजापर्यंत २१ दिवस जातात आणि तेवढा चारा फुकट जातो.

गटाने स्वतःचा कॅन घेतला असेल, तर नत्राचे पैसे लिटरवर द्यावे लागतात. इथेच खरी गोम आहे. धार काढताना बादलीत फेस चढतो ना? फेसासकट माप भरलं, तर माप भरलेलं दिसतं आणि दूध कमी असतं. नत्र तर कायम उकळतच असतो, कारण साधी नळीसुद्धा त्याच्या मानाने तापलेला तवाच. टाकीतून सोडलेला पहिला नत्र नळी गार करण्यातच वाफ होऊन जातो. नंतरही द्रव आणि वाफ मिसळूनच वाहतात. कधी नुसते बुडबुडे येतात, तर कधी मधेच सगळी नळी वाफेने भरते. चक्री फिरून मोजणारं मीटर वाफेनेही फिरतं. वाफ मात्र द्रवापेक्षा साधारण पावणेदोनशे पट हलकी. नळीत निम्मी वाफ असेल, तर लिटर पुरे दिसतात आणि माल जेमतेम निम्मा येतो.

मोठ्या कारखान्यांत यावर उपाय करतात. नळीला जाड वेष्टण घालतात, दाब वाढवून नत्र उकळू देत नाहीत, मीटरच्या आधी वाफ वेगळी काढतात. वजनावर चालणारी मीटरंही असतात, पण बुडबुडे फार झाले की तीही गडबडतात. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे तराजू. वाफ उडून गेली; कॅनमध्ये जे उरलं, तेच वजनात येतं. कॅन भरण्याआधी आणि भरल्यावर तोला. एक लिटर नत्र सुमारे ८०० ग्रॅम भरतो, म्हणजे वजन चार किलो वाढलं तर पाच लिटर मिळाला. २०२१ साली करोनाच्या लाटेत दवाखान्यांचा द्रवरूप प्राणवायूही बातम्यांत टनावरच सांगत होते, आठवतं का?

घरी रोजची पातळी बघायला कोरडी लाकडी पट्टी बुडाशी टेकवा, थोडा वेळ धरा, बाहेर काढून हवेत हलवा. जिथवर पांढरं हिव धरेल, तिथवर नत्र. पोकळ नळी कधीच घालू नका, तिच्यातून नत्र उसळून अंगावर येतो. आकडा वहीत लिहा. रोज थोडा घटणारच, पण एकदम घसरला किंवा कॅनच्या बाहेरून हिव धरू लागलं, तर कॅन खराब झाला असं समजा आणि कांड्या लगेच दुसऱ्या कॅनमध्ये हलवा.

एका लिटरची जवळजवळ ७०० लिटर वाफ होते. म्हणून झाकण घट्ट बसवायचं नाही आणि कॅन बंद खोलीत ठेवायचा नाही. ही वाफ विषारी नाही, पण खोलीतली श्वास घेण्याजोगी हवा ती ढकलून देते.