स्वस्तात कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचाय? आधी मेगापिक्सेलचा आकडा विसरा

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकला पण आकडे निसटले, अशांसाठी हे शब्दरूप. बोलताना जे विस्कळीत झालं होतं ते इथे जरा नीट लावलंय.

प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. “१०-१२ हजारांत रोजच्या फोटोंसाठी छोटा डिजिटल कॅमेरा हवाय, कुठला घेऊ?” आपल्यातल्या कित्येकांसाठी ही रक्कम म्हणजे महिन्याचं खोलीभाडं आणि मेस. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या पैशात मिळणारा नवा कोरा कॅमेरा तुमच्या फोनपेक्षा चांगले फोटो काढेलच असं नाही. बऱ्याचदा वाईटच काढतो. का, ते समजलं की निवड आपोआप सोपी होते.

बाजारात माल का नाहीये?

२०१० साली जपानी कंपन्यांनी लेन्स न बदलता येणारे कॅमेरे जगभरात १० कोटींहून जास्त पाठवले होते. २०२३ मध्ये तोच आकडा १७ लाखांच्या आसपास आला. मधल्या काळात फोनने हा धंदा खाल्ला. त्यामुळे स्वस्त गटात नवीन संशोधन जवळपास थांबलं. आज “नवीन” म्हणून दिसणारा स्वस्त कॅमेरा आतून बहुधा आठ-दहा वर्षांपूर्वीचाच असतो. तुमचा फोन मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदललाय.

अप्पेपात्राचं गणित

सेन्सर म्हणजे अप्पेपात्र समजा. मेगापिक्सेल म्हणजे त्यातले खळगे आणि प्रकाश म्हणजे पीठ. पात्र तेवढंच ठेवून ७ चे १४ खळगे केले तर पीठ वाढतं का? नाही, अप्पे लहान होतात. तसंच सेन्सर तेवढाच ठेवून मेगापिक्सेल वाढवले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि अंधारात फोटोला दाणे पडतात. म्हणून पहिला प्रश्न “किती मेगापिक्सेल” हा नाही, “सेन्सर केवढा” हा आहे.

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर. ज्याला “१ इंची” म्हणतात तो १३.२ x ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. चौपट! (१ इंच म्हणजे २५ मिमी, मग हे काय? जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या मापावरून पडलेलं नाव आहे ते. इंचावर जाऊ नका, मिलिमीटर बघा.)

दुसरा प्रश्न लेन्सचं तोंड किती उघडतं हा. एफ-नंबर जितका लहान, तितकं तोंड मोठं. आता उदाहरण घेऊ. कॅनन इक्सस १८५ हा स्वस्त गटातला ओळखीचा कॅमेरा. सेन्सर १/२.३ इंची, २० मेगापिक्सेल, झूम न करता एफ ३.२. दुसरा सोनी आरएक्स १००, २०१२ चा पहिला अवतार. सेन्सर १ इंची, तोही २० मेगापिक्सेल, झूम न करता एफ १.८. दोन्हींच्या खोक्यावर मेगापिक्सेल जवळपास सारखेच. पण ३.२ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग केला तर साधारण ३ येतात. म्हणजे लेन्समुळे तिप्पट आणि सेन्सरमुळे चौपट. एकूण जवळपास १२ पट प्रकाश!

आता फोन. मध्यम किमतीच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण एफ १.८ चा असतो आणि सेन्सर १/२ इंचाच्या आसपास किंवा मोठा. म्हणजे तोसुद्धा इक्ससपेक्षा तिप्पट प्रकाश घेतो. वर तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम काढून सॉफ्टवेअरने एकत्र करतो. स्वस्त कॉम्पॅक्ट साधारणपणे एकच फ्रेम काढतो. त्यामुळे घरातल्या ट्यूबलाइटमध्ये आजीचा फोटो काढलात तर फोन जिंकणार, हे खरेदीआधीच ठरलेलं आहे.

मग लहान सेन्सरचा कॅमेरा घ्यायचाच कशाला?

दोन कामं फोनला अजून नीट जमत नाहीत, त्यासाठी.

एक, ऑप्टिकल झूम. इक्सस १८५ चा झूम ८ पट आहे. भिंगं सरकून चित्र खरोखर जवळ येतं. ज्या फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स नाही, तो फक्त चित्र कापून मोठं करतो. बांधावरचा खंड्या, किल्ल्याचा समोरचा बुरूज, मैदानावरचा बॅट्समन, अशा दिवसाउजेडी फोटोंत फरक दिसतो. पण पूर्ण झूमवर याच लेन्सचा एफ-नंबर ६.९ होतो. म्हणजे गॅदरिंगच्या स्टेजवर नाचणारी बहीण हललेलीच येणार.

दोन, झेनॉन फ्लॅश. फोनचा एलईडी म्हणजे बारीक टॉर्च. झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकतो, त्यामुळे हललेला माणूसही गोठतो. हळदीतला नाच, हॉस्टेलच्या गच्चीवरचा वाढदिवस, दोन-तीन मीटरच्या आतलं काहीही. इन्स्टावर जो “जुन्या डिजीकॅमचा लुक” फिरतोय, त्यातला मोठा वाटा या समोरून येणाऱ्या फ्लॅशचाच आहे. “सीसीडी सेन्सरची जादू” म्हणून जास्त पैसे मागणारे विक्रेते भेटतील. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगगाळण्या आणि कॅमेऱ्याच्या आतलं प्रोसेसिंग यांवर. नुसत्या सीसीडी या तीन अक्षरांचे पैसे देऊ नका.

तिसरं कारण तांत्रिक नाही, पण मला ते पटतं. कॅमेऱ्यावर नोटिफिकेशन येत नाही. आणि तो सहा वर्षांच्या भाचीच्या हातात बिनधास्त देता येतो. तिने काढलेले फोटो तुमच्या फोनमध्ये कधीच आले नसते.

मी काय सुचवेन?

तुमचे जास्तीत जास्त फोटो घरात, संध्याकाळी, माणसांचे असतील तर नवीन स्वस्त कॅमेऱ्याऐवजी वापरलेला मोठ्या सेन्सरचा शोधा. सोनी आरएक्स १०० पहिला हा सगळ्यात समंजस पर्याय. त्याची एनपी-बीएक्स१ बॅटरी पुढच्या मॉडेल्समध्येही चालू राहिली, त्यामुळे मिळायला अडचण नाही, आणि मायक्रो यूएसबीने चार्जही होतो. वायफाय मात्र नाही. कॅनन जी७ एक्स (२०१४) त्याच आकाराच्या सेन्सरचा, पण सोशल मीडियाने त्याचे भाव चढवलेत. बजेट आणखी कमी असेल तर कॅनन एस९० किंवा एस९५. १/१.७ इंची सेन्सर, फक्त १० मेगापिक्सेल, एफ २.० ची लेन्स आणि रॉ फाइलची सोय. १० मेगापिक्सेलमधून ए४ आकाराचं प्रिंट सहज निघतं.

फिरताना, दिवसा, झूम हवाय? मग इक्सस किंवा सोनी डब्ल्यू८३० सारखे चालतील. अपेक्षा तेवढीच ठेवा.

आणि यातलं काहीच लागू होत नसेल तर पैसे ठेवून द्या. तोही निर्णयच आहे.

हे अजिबात घेऊ नका

ऑनलाइन “४८ मेगापिक्सेल, ४के, १६ एक्स झूम” असे अनोळखी नावाचे कॅमेरे दिसतात. पानावर सेन्सरचं माप शोधा. सापडणार नाही. झूमपुढे “डिजिटल” लिहिलेलं असेल. ४८ मेगापिक्सेलही बऱ्याचदा लहान चित्र सॉफ्टवेअरने ताणून केलेले असतात. साधी खूण म्हणजे चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही आणि “ऑप्टिकल झूम” हा शब्द कुठेच नसतो. अशा कॅमेऱ्याला खेळणं समजा.

वापरलेला घेताना पाच मिनिटांची तपासणी

मुंबईत फोर्टच्या बोरा बझारसारख्या ठिकाणी जा किंवा ओळखीतून घ्या, पण हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड रीडर आणि चार्ज केलेला फोन सोबत न्या.

१. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स अडकतेय, करकर करतेय? सोडून द्या. लेन्समध्ये वाळू गेली की दुरुस्ती सहसा परवडत नाही.

२. फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं.

३. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो पूर्ण झूम करून काढा. एकाच जागी काळे डाग येत असतील तर सेन्सरवर धूळ आहे.

४. बॅटरी बाहेर काढा, फुगलीय का बघा. मूळ चार्जर मागा.

५. कार्डचा प्रकार विचारा. एक्सडी कार्ड (जुने ऑलिंपस, फुजी) आणि मेमरी स्टिक (२०१० आधीचे सोनी) मिळवताना दमछाक होते. फार जुना एसडी कॅमेरा असेल तर तो २ जीबीपेक्षा मोठं कार्ड कदाचित वाचणारच नाही.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. आणि फोटो कार्डवरच पडू देऊ नका. महिन्यातून एकदा कॉपी करा, निवडक दहा प्रिंट करा.

तुमच्या फोनमधले शेवटचे १०० फोटो आत्ता उघडा. त्यातले किती घरातले, किती उजेडातले, किती झूम केलेले, मोजा. कुठला कॅमेरा घ्यायचा हे त्या मोजणीतूनच कळेल. उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!