पाऊस शिवारावर, भरपाई मंडळावर

मंठा तालुक्यात एका शिवारात सोयाबीन पाण्याखाली गेले आणि शेजारच्या गावात ते तरले, तर पीकविम्याची भरपाई कशी ठरणार?

निकष काय?
राज्यातील एक रुपयातील पीकविमा २०२५च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या कमाल २ टक्के हप्ता भरावा लागतो. स्थानिक आपत्तीचा निकषही वगळला गेला. भरपाई ठरते ती महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर.

गणित कसे?
मागील ७ वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या ५ वर्षांची सरासरी काढतात. ७० टक्के जोखीमस्तर धरला, तर हेक्टरी १० क्विंटल सरासरीला उंबरठा उत्पादन ७ क्विंटल होते. मंडळात ४.२ क्विंटलच निघाले, तर तूट ४० टक्के. विमा रकमेच्या तेवढीच भरपाई.

अडचण कुठे?
अतिवृष्टीची वर्षे वारंवार आली, की सरासरी घसरते आणि उंबरठाही. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच विम्याचे कवच पातळ होते. शिवाय मंडळाची सरासरी बरी निघाली, तर बुडालेल्या शिवाराला काहीच मिळत नाही. केंद्राच्या ‘विंड्स’ उपक्रमात ग्रामपंचायत स्तरावर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. मात्र त्या नोंदी भरपाईच्या निकषात आल्या, तरच शेतकऱ्याच्या पदरात काही पडेल.