नेमबाजाचं शरीर: सहा गैरसमज आणि मिलिमीटरचा हिशेब

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने) या प्रकारात कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव, आणि पदक जिंकलं तेव्हा नोकरी मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, तिकीट तपासनीस म्हणून. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या गावांतही रायफलचं आकर्षण आहेच. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं इथे पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ तर हिंगोलीतच आहे. काहींच्या हातात पहिली रायफल एनसीसीमध्ये येते, काहींच्या हातात थेट पोलीस प्रशिक्षणात. पण रायफल हाती येण्याच्या बऱ्याच आधी तिच्याबद्दलच्या समजुती डोक्यात येऊन बसलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक सिनेमातून आलेल्या, आणि बहुतेक चुकीच्या.

त्या तपासण्याआधी थोडं गणित मांडायला हवं. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. रायफलच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटीमीटर अंतर धरलं, तर पुढची साइट एक मिलिमीटर सरकताच ५० मीटरवर गोळी सहा सेंटीमीटरहून जास्त सरकते. ३०० मीटरवर हीच चूक ३७ सेंटीमीटरची होते. उलट हिशेब केला, तर ५० मीटरवर दहाच्या वर्तुळात राहण्यासाठी मधल्या बिंदूपासून जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीइतकी हालचाल परवडते. रायफल इतकी स्थिर ठेवण्याचं काम तिच्यामागच्या शरीराला करावं लागतं.

गैरसमज १: दंडात ताकद असेल तर रायफल हलत नाही

ताण दिलेला स्नायू थरथरतो, आणि ताण वाढला की थरथरही वाढते. ५० मीटर प्रकारातली रायफल नियमानुसार ८ किलोपर्यंत जड असू शकते. हे वजन दंडाने उचलून धरणारा सगळ्यात बलवान माणूससुद्धा अर्ध्या मिनिटात डुलायला लागेल. म्हणून नेमबाज ते वजन हाडांवर सोपवतो.

उभ्याने नेम धरणाऱ्या उजव्या हाताच्या नेमबाजाकडे नीट पाहावं. त्याचा डावा कोपर पोटाच्या किंवा कमरेच्या हाडाच्या आधाराला टेकलेला असतो. कंबर किंचित टार्गेटच्या दिशेने पुढे असते आणि धड थोडं मागे झुकलेलं असतं. त्यामुळे रायफल आणि शरीर यांचा एकत्रित तोल दोन्ही पावलांच्या मधोमध पडतो. वजनाची वाट तळहातापासून मनगट, कोपर, कंबर, पाय अशी सरळ जमिनीपर्यंत जाते. हात इथे फक्त खांबासारखा उभा असतो.

ताकद लागते ती पाठीत, पोटात आणि पायांत, आणि तीही तास-दीड तास तोच आकार टिकवण्यासाठी. तेव्हा भरतीसाठीचं धावणं वाया जात नाही, पण नुसत्या दंड-बैठकांनी नेम सुधारत नाही.

गैरसमज २: नेम म्हणजे डोळा आणि हात, टार्गेट चुकलं तर हाताने रायफल सरकवायची

नवख्याची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रत्येक शरीर एखाद्या स्थितीत सैल सोडलं, की रायफल आपोआप एका दिशेला रोखली जाते. हा शरीराचा नैसर्गिक रोख. तो टार्गेटच्या बाजूला असेल आणि नेमबाजाने हाताच्या जोराने रायफल मध्यभागी ओढून आणली, तर घोडा दाबल्याच्या क्षणी स्नायू सैल पडतात आणि नळी पुन्हा आपल्या मूळ जागेकडे जाऊ लागते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घेऊन शरीर सैल सोडायचं आणि मग डोळे उघडायचे. नेम डावीकडे गेलेला दिसला तर हात हलवायचा नाही, सगळं शरीर फिरवायचं. पोटावर पडलेल्या स्थितीत डावा कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय बाजूला सरकवतात. उभ्या स्थितीत पावलांची दिशा बदलतात. मग पुन्हा डोळे मिटून तीच तपासणी. अव्वल नेमबाज ही तपासणी प्रत्येक स्थितीच्या सुरुवातीला करतात, आणि मालिकेच्या मध्येही.

गैरसमज ३: पडून नेम मारणं सोपं, त्यात शिकण्यासारखं काही नाही

पोटावर पडलेली स्थिती सगळ्यात स्थिर असते हे खरं. पण म्हणूनच तिथे चुकीला जागा सगळ्यात कमी असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन, म्हणजे पडून नेम धरण्याच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचे गुण होते ६०० पैकी ५९७. म्हणजे ६० गोळ्यांमध्ये जास्तीत जास्त तीन वेळा दहाचं वर्तुळ हुकलं.

इतकी अचूकता बारीकसारीक गोष्टींतून येते. उजवा गुडघा थोडा वर दुमडला की पोट जमिनीवरून किंचित सुटतं, आणि श्वासाचा व हृदयाच्या ठोक्यांचा धक्का रायफलपर्यंत कमी पोहोचतो. डाव्या दंडाला बांधलेला स्लिंगचा पट्टा रायफलचं वजन तोलतो, म्हणून डावा हात पूर्ण सैल ठेवता येतो. पट्टा चुकीच्या जागी आवळला तर दंडातल्या धमनीची नाडी थेट रायफलमध्ये उतरते, आणि प्रत्येक ठोक्याला नेम उडताना दिसतो. पुढचा हात जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करील, असं स्पर्धेचा नियम सांगतो.

गैरसमज ४: श्वास जितका जास्त वेळ रोखाल, तितका नेम पक्का

छाती भरून श्वास रोखला की छाती, मान आणि खांदे ताठरतात. त्यापेक्षा साधा श्वास सोडल्यानंतर, पुढचा श्वास घेण्याआधी शरीर आपणहून जिथे थांबतं, ती विश्रांती लांबवायची. कामाची वेळ असते पाच ते आठ सेकंदांची. त्यानंतर प्राणवायू कमी पडू लागतो, डोळ्यांसमोरचं चित्र मंदावतं आणि थरथर वाढते.

अनुभवी नेमबाज अशा वेळी घोडा दाबत नाही. तो रायफल खाली घेतो, श्वास घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो. सोडून दिलेल्या त्या नेमात कमकुवतपणा नसतो, तेही शिकून आलेलं कौशल्यच असतं.

एक डोळा घट्ट मिटण्याची सवयही अशीच घातक. मिटलेल्या पापणीचा ताण चेहऱ्यावर आणि उघड्या डोळ्यावर येतो. म्हणून स्पर्धेतले नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतात आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावतात.

गैरसमज ५: गोळी सुटली की काम संपलं; धक्का आवरायला रायफल घट्ट आवळायची

घोडा दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. गोळी नळीत असतानाच रायफल मागे ढकलली जाऊ लागते. हा धक्का कुणालाही थांबवता येत नाही. तो प्रत्येक वेळी सारखाच बसेल एवढीच काळजी घेता येते. कुंदा खांद्यावर रोज त्याच जागी, गाल कुंद्यावर तेवढ्याच वजनाने, उजव्या हाताची पकड तेवढीच, हे सगळं त्यासाठी. एका गोळीला आवळून आणि दुसरीला सैल धरलं, तर नेम तोच असूनही दोन गोळ्या दोन ठिकाणी लागतात.

घोड्यावर बोटाचं पहिलं पेर ठेवून दाब सरळ मागे द्यायचा. गोळी सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद साइटमधून पाहत राहायचं. धक्क्यानंतर रायफल पुन्हा टार्गेटवर येऊन स्थिरावली, तर शरीराची मांडणी बरोबर होती असं समजायचं. ती दर वेळी एकाच बाजूला फेकली जात असेल, तर मांडणीत दोष आहे.

रायफल तिरपी होण्याचंही असंच. ५० मीटर जाताना पॉइंट टू टू रायफलची गोळी नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते, आणि साइट त्या हिशेबाने वर बसवलेली असते. रायफल पाच अंश तिरकी झाली तर या भरपाईचा काही भाग बाजूला वळतो, आणि गोळी जवळजवळ एक सेंटीमीटर आडवी जाऊन दहाच्या बाहेर लागते. ३०० मीटरवर मोठ्या रायफलने हा फरक सहा-सात सेंटीमीटरचा होतो.

गैरसमज ६: महागडं जाकीट, बूट आणि भारी रायफल असली की झालं

जाकीट पाठीला आधार देतं, पण त्याच्या कापडाची जाडी एकेरी थरात २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याचा ताठरपणाही स्पर्धेत यंत्राने तपासला जातो. उभ्या स्थितीत तर स्लिंग वापरायलाच बंदी आहे. तिथे खेळाडूजवळ उरतो तो फक्त स्वतःचा तोल.

पॅरिसचा अंतिम सामना याचं उत्तम उदाहरण आहे. पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या स्थितीनंतर तो सहावा होता आणि पडलेल्या स्थितीनंतर पाचवा. तिसऱ्या क्रमांकावर तो पोहोचला शेवटच्या, म्हणजे सगळ्यात अस्थिर अशा उभ्या स्थितीत. त्याचे एकूण गुण ४५१.४ होते. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांनी स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात भाग घेतला होता.

रेंज नसलेल्या गावात काय करता येईल?

बरंच काही, आणि शिस्तीने. देशातल्या अव्वल नेमबाजांच्या सरावातही गोळीविना केलेल्या ड्राय प्रॅक्टिसचा वाटा मोठा असतो. गोळी नसली की धक्का आणि आवाज नसतो, त्यामुळे घोडा दाबताना नळी नेमकी कुठे सरकली ते स्पष्ट दिसतं. मात्र पॉइंट टू टूसारख्या रिमफायर रायफलचा घोडा रिकाम्या नळीवर वारंवार ओढला तर फायरिंग पिन नळीच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात. म्हणून हा सराव त्याची सोय असलेल्या रायफलवर आणि प्रशिक्षकाला विचारूनच करावा.

कायद्याची माहितीही आधीच हवी. ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू रायफलला लागतो. पण परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं ठरत नाही. नळी कधीही माणसाकडे वा जनावराकडे नको, रायफल रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी स्वतः करायची, आणि टार्गेटच्या मागे छर्रा अडवणारी भक्कम भिंत किंवा मातीचा ढीग हवाच.

रायफल नसेल तरीही तयारी सुरू करता येते. गुडघ्यावरच्या स्थितीत नेमबाज घोट्याखाली भरीव गुंडाळी ठेवून टाचेवर बसतो, आणि नवख्याचा पाय काही मिनिटांतच बधिर होतो. घट्ट गुंडाळलेल्या गोधडीवर रोज थोडा थोडा वेळ वाढवत बसल्याने घोटा हळूहळू मोकळा होतो. उभ्या स्थितीसाठी पाठ आणि पोटाचे व्यायाम, शिवाय डोळे मिटून दोन्ही पायांवर समान वजन ठेवून उभं राहण्याचा सराव करावा. महाविद्यालयात एनसीसी असेल तर तिथे नाव नोंदवणं हा पुढचा टप्पा. मुंबईच्या अंजली भागवत यांची नेमबाजी एनसीसीतूनच सुरू झाली, आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या.