ऑपरेशन यशस्वी, पण आकडा किती उरला?

स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, ४० असेल, तर सात तासांच्या झोपेत सुमारे २८० वेळा श्वास थांबतो किंवा अडखळतो, दर वेळी किमान १० सेकंद. ५ च्या आत ठीक, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. स्लीप अ‍ॅप्निया हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना तो होता.

हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क सोसवत नाही, म्हणून अनेकजण ऑपरेशनकडे वळतात. पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग कापण्याच्या ऑपरेशनचं यश १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात साधारण ४० टक्के निघालं. पण यश कशाला म्हणायचं? रूढ निकष असा: एएचआय निम्म्याहून खाली आणि २० च्या आत. म्हणजे ४० चा १९ झाला की ऑपरेशन यशस्वी. रात्री १३३ वेळा श्वास अडतोच आहे! घोरणं मात्र कमी होतं, घरचे निर्धास्त होतात आणि मशीन माळ्यावर जातं. मला खरा धोका इथे वाटतो.

मास्कचा हिशेबही तितकाच कठोर मांडायला हवा. मास्कखाली आकडा शून्यावर येतो असं धरलं, तरी साडेतीन तासांनी तो काढून ठेवणाऱ्याचा श्वास उरलेल्या रात्रीत १४० वेळा अडतो. मास्क अजिबात न लावणाऱ्याला तर १३३ हा मोठाच दिलासा आहे.

घशाची ठेवणही निर्णायक ठरते. सर्जन फ्रीडमन यांच्या २००२ च्या वर्गीकरणात, टॉन्सिल मोठे आणि जिभेमागे मोकळी जागा असलेल्यांत टाळूचं ऑपरेशन ८० टक्के यशस्वी झालं. उलट ठेवण असलेल्यांत अवघं ८ टक्के. दोन्ही जबडे पुढे सरकवण्याच्या ऑपरेशनने ६२७ रुग्णांच्या आढाव्यात एएचआयची सरासरी ६४ वरून साडेनऊवर आणली, पण ते मोठं ऑपरेशन आहे आणि ओठ-हनुवटीला बधिरपणा राहू शकतो.

तेव्हा तारीख ठरवण्याआधी सर्जनना विचारा: माझा श्वास नेमका कुठे अडतो, आणि ऑपरेशननंतर माझा एएचआय किती राहील? आणि काही महिन्यांनी स्लीप स्टडी पुन्हा करा. तोवर सीपॅप विकू नका.