बाळाची कुंची

बारशाला आजही पाळणा सजतो, घुगऱ्या होतात, आत्याचा मान राखला जातो. बाळाच्या डोक्यावरची कुंची मात्र बहुधा दुकानातून आलेली असते. जरीची किनार, टिकल्या, मोत्यांची झालर. छायाचित्रात ती शोभून दिसते आणि थोड्याच वेळात बाळ रडू लागते. त्यात बाळाचा दोष नाही. कुंची मिरवण्यासाठी नव्हे, उबेसाठी जन्माला आली.

नवजात अर्भकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे पाव भाग असते. साहजिकच डोक्यावाटे शरीरातील बरीच उष्णता निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींतही नवजात बाळाला टोपी घालावी असे म्हटले आहे. कुंचीत टोपी आणि पाठीवरचा घोळ एकत्र असल्याने मानेशी वारा शिरायला फट उरत नाही. बदलीमुळे लुधियाना किंवा शिलाँगसारख्या थंड गावी संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबांना तिचे मोल अधिक जाणवावे.

वरून गुळेदगुड्डचा खण किंवा साधे सुती कापड, आतून मऊ मलमल. ३६ इंच पन्ह्याचे प्रत्येकी पाऊण मीटर पुरते. अस्तराला आजीचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे मिळाले, तर त्याची सर नव्या कापडाला नाही. नवे सुती कापड आटते, म्हणून आधी भिजवून वाळवून घ्यावे.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी टोपीचा तुकडा १६ बाय ७ इंच आणि घोळाचा ३० बाय १६ इंच कापावा. असेच दोन तुकडे अस्तराचे. टोपीच्या तुकड्याची सुलट बाजू आत ठेवून १६ इंचांची घडी ८ वर घालावी आणि मागची ८ इंची कड अर्धा इंच आत शिवावी. डोक्यावर येणारे टोक हीच कुंचीची ओळख. ते गोल करण्याचा मोह टाळावा. घोळाच्या ३० इंची कडेवर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून दोरा ओढावा व चुण्या १३ इंचांत बसवून टोपीच्या खालच्या कडेला जोडाव्यात. अस्तरही असेच तयार करावे. मग दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून सभोवार शिवण मारावी, खाली चार इंच जागा सोडावी, तिच्यातून कुंची उलटवावी आणि ती जागा हाताने तुरपून टाकावी. मानेची जाड शिवण दोन थरांत दडते, बाळाला टोचत नाही. दुकानी कुंच्यांत नेमके इथेच दुर्लक्ष झालेले आढळते.

हनुवटीखाली लांब बंद नकोत. छातीपाशी पक्के बसवलेले एक टिचबटण पुरे. मणी, टिकल्या सुटून तोंडात जाण्याचा धोका असल्याने त्या लावूच नयेत. हौस असेल तर बाहेरून, कडेपासून बोटभर आत गोट लावावा. बाळ झोपले की कुंची काढावी, मग थंडी कितीही असो. ती चेहऱ्यावर सरकू शकते, शिवाय झोपेत डोके झाकलेले राहिल्यास अंग प्रमाणाबाहेर तापते. हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगताना थोडा धीर लागतो, पण सांगावेच.

खणाची कुंची पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवावी. रंग गेला तर तो दुपट्यावर उतरणार नाही.