अंगणातला अशोक आणि बाटलीतला अशोक

शहरातल्या कुठल्याही वसाहतीत जा, कुंपणालगत उंच, सरळसोट झाडे ओळीने उभी असतात. त्यांचे नाव विचारले तर लहान मूलही ‘अशोक’ म्हणून ठोकून देईल. याच नावाची एक बाटली पुष्कळ घरांच्या फडताळात असते. आई, आत्या, मावशी तिच्यातले दोन चमचे पाण्यातून गुपचूप घेत असतात. झाड अशोकाचे आणि औषध अशोकारिष्ट. तेव्हा त्या झाडाच्याच सालीचे हे औषध, असे कुणालाही वाटेल. पण या दोन अशोकांचे सुतराम नाते नाही.

कुंपणाजवळचा तो खोटा अशोक. गुजराती शेजारणी त्याला आसोपालव म्हणतात. त्याचे पान सुटे, लांबट, कडा लाटांसारख्या. फुले हिरवट, मान वर करून शोधली तरच दिसणारी. खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. तो उंचीपेक्षा सावलीत मोठा. एकेका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मलूल होऊन लोंबल्यासारखी. वसंताच्या सुमाराला जुन्या फांद्यांवर फुलांचे गेंद येतात, आधी नारिंगी, मग लालभडक. मुंबईच्या राणीच्या बागेत तो आहे. मोसमात मी मुलांना मुद्दाम तिथे नेते.

या झाडाचे आणि बायकांचे सख्य जुने आहे. स्त्रीने लाथ मारली की अशोक फुलतो, असा कवींचा संकेत! कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणीचा पाय दुखावलेला, म्हणून तो मान मालविकेला मिळतो. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून घेण्याचे व्रतही आहे.

वैद्यांनी मात्र फुलांपेक्षा सालीला अधिक मान दिला. चरकाने वेदना शमवणाऱ्या दहा द्रव्यांत अशोक घातला. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने अंगावरून फार जात असेल तर सालीच्या काढ्यात दूध आटवून द्यावे, असे सांगितले. आजचे अशोकारिष्ट ‘भैषज्यरत्नावली’तले. त्याचे माप ऐकून आपल्या फराळाच्या पातेल्यांनाही घाम फुटेल! पावणेपाच किलोंहून थोडी अधिक साल सुमारे 49 लिटर पाण्यात उकळायची, चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायची. गाळलेल्या काढ्यात सालीच्या दुप्पट गूळ, धायटीची फुले, जिरे, सुंठ, त्रिफळा, चंदन वगैरे घालून महिनाभर आंबवायचे. या आंबण्यातून थोडे मद्य आपोआप तयार होते, आणि औषध टिकते.

साल चवीला तुरट. हा तुरटपणा तिच्यातल्या टॅनिनांचा. बाभळीच्या सालीतही हेच द्रव्य असते. स्रवणारे ते आवळून धरायचे, हा तुरट रसाचा गुण वैद्य फार पूर्वीपासून सांगत आले. पण आजच्या कसोट्यांना उतरेल असा, माणसांवरच्या प्रयोगांचा भक्कम पुरावा अजून फारसा नाही.

आणि इथेच मला बोलायचे आहे. आपल्या बायकांना दुखणे अंगावर काढायची भारी हौस! पाळी दहा-दहा दिवस चालते, जिना चढताना दम लागतो, चेहरा पांढरा पडतो, तरी बाई कुणाला सांगत नाही. शेजारणीच्या सल्ल्याने बाटली आणते. अंगावरून जाण्यामागे गर्भाशयातल्या गाठी असतील, थायरॉइडचा विकार असेल, क्वचित कर्करोगही असेल. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा एक ठिपका जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले पाहिजे. कारण कळल्यावर वैद्यांचे औषध घ्यायचे की नाही ते जाणत्याला विचारून ठरवावे. कारण कळण्याआधी घेतलेली बाटली दुखणे झाकून ठेवते.

झाडाचीही कथा अशीच आहे. पाने तोडली तर पुन्हा फुटतात. सालीचे तसे नाही. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवतीची साल सबंध वलयासारखी काढली, की मुळे उपाशी पडतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. साल शरदात घ्यावी असे चरक सांगतो; आपली दिवाळी त्याच ऋतूतली. पण व्यापाराच्या घाईला कसला आला ऋतू? पश्चिम घाटाच्या ओढ्याकाठी वाढणारे हे झाड 1998 साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने धोक्यातल्या झाडांच्या यादीत घातले. खरी साल दुर्मिळ झाली की तिच्या जागी खोट्या अशोकाची साल बाजारात येते. ही भेसळ तपासण्यांत वेळोवेळी उघडकीला आली आहे. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक नाही, आणि बाटलीत काय आहे तेही ठाऊक नाही!

तेव्हा या दिवाळीत घरातल्या पुरुषांनीही एक काम करावे. फडताळातली ती बाटली दिसली, तर ती कुणाची आणि किती दिवसांपासून चालली आहे, हे मायेने विचारावे आणि तिला घेऊन दवाखान्यात जावे. आणि वसाहतीत नवे झाड लावायचे ठरले, तर सीतेचा अशोक मागून घ्यावा. त्याची साल काढायची गरज नाही. सावली आणि फुले तेवढी पुष्कळ आहेत.