दगडातील मोहरी आणि तिचे खरे नाव

नांदेड-लातूरकडे विहीर खणायची तर काळा दगड फोडावा लागतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा होय. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला पाडलेल्या विंधन-विवरात त्याची जाडी ३३८ मीटर भरली! पण एवढा लाव्हा एकाच वेळी आला नाही. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या तळाशी गाळ बसला आणि पुढच्या लोटाखाली तो झाकला गेला. अशा गाळाला अंतराट्रॅपी थर म्हणतात.

या थरांत राजगिऱ्याच्या किंवा मोहरीच्या दाण्याएवढी कवचे सापडतात. ही ऑस्ट्रॅकॉडची कवचे. दोन झडपांच्या डबीत राहणारा हा प्राणी शिंपल्यासारखा दिसतो, पण तो खेकड्याचा आणि झिंग्याचा भाऊबंद आहे. त्याचे वंशज आजही आपल्या डबक्यांत पोहतात.

आता असे एक कवच तुमच्या हाती आले, तर ते नव्या जातीचे आहे हे कसे ठरवाल? वाटते तितके हे सोपे नाही. वाढताना हा प्राणी आठ वेळा कात टाकतो. प्रत्येक वेळी जुने कवच गाळात पडते. त्यामुळे एकाच प्राण्याची लहानमोठी कवचे निरनिराळ्या जातींची वाटू शकतात. नर-मादीचा आकार वेगळा असतो, दोन झडपाही अगदी सारख्या नसतात. म्हणून एकाच थरातील पुष्कळ कवचे मांडून पाहावी लागतात. जिवंत ऑस्ट्रॅकॉड मुख्यतः पाय व मिशांवरून ओळखतात, पण ते अवयव तर कुजून गेलेले! उरतात झडपांच्या कडा आणि आतील बाजूला स्नायू चिकटल्याचे वण.

नांदेडच्या पूर्वेला, आजच्या तेलंगणातील निर्मळ भागात, डॉ. माल्कमसन यांना अशी कवचे मिळाली. १८४० मध्ये सॉवर्बी यांनी त्यांतील एका जातीला ‘सायप्रिस सबग्लोबोसा’, म्हणजे जवळजवळ गोल, असे नाव दिले. पुढे तेच नाव आशिया-आफ्रिकेतील एका जिवंत जातीलाही लागले. म्हणजे एकच जाती साडेसहा कोटी वर्षे न बदलता टिकली की काय? २००३ मध्ये व्हॉटली, बाजपेयी व व्हिटकर या शास्त्रज्ञांनी जीवाश्मांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते ‘सायप्रिस’ नसून ‘पॅरासायप्रेट्टा’ या वेगळ्या प्रजातीचे ठरले. नावाचा गोंधळ सुटला आणि ते आश्चर्यही सरले!

ओळख चुकली तर जुना नकाशाही चुकतो. गोड्या पाण्यातील जाती तळे दाखवतात, मचूळ पाण्यातील जाती खाडी. छिंदवाड्याजवळ झिलमिली येथे खारट-मचूळ पाण्यातील जीवाश्म मिळाले. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या भूमीपर्यंत तेव्हा समुद्राचा हात पोचला होता, असे त्यावरून शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडले.

काळ्या दगडांच्या मध्ये पांढुरका थर दिसला, तर भिंगातून जरूर पाहा. मात्र दाणा उचलण्याआधी जागा आणि थर वहीत टिपून ठेवा. ठावठिकाणा नसलेला जीवाश्म शास्त्रज्ञाला फारसे काही सांगू शकत नाही.